तळव्याला हीर लावून बघ

॥ श्री ॥

केरी, पेडणे
२२ सप्टेंबर १९९१

चि. शंभू यास आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर शंभू हे नाव तुझ्या आईने घातले आहे. आजोबांचे नाव तुला ठेवून तुझ्या बापाने माझे तोंड बंद केले, ते अजून बंदच आहे. मला तू बाबूच. पत्रही तुझी आईच लिहिते आहे. मी सांगते तसे लिही, तुझी शाळा मध्ये आणू नको, असे बजावले आहे. तरी माझी बोली ती धुऊन, पिळून, मराठी करून वाळत घालतेच. मी ‘किते’ म्हटले की ती ‘काय’ लिहिते. लिही बाई सुमंगले, हेही लिही.

इकडे सर्व क्षेम आहे. चवथ झाली, गणपतीवर बांधलेल्या माटोळीची फळे शेजारीपाजारी वाटून संपली. तुझा बाप रापणीचे जाळे ओढायला जातो आणि ट्रॉलरवाल्यांना शिव्या देत परत येतो. नुस्त्याच्या टोपलीत मासळीपेक्षा शिव्या जास्त. पोदेर पाव लहान करत चालला आहे आणि सायकलचा भोंपू मोठा.

आता तुझे. चवथीला घरी होतास त्या सगळ्या दिवसांत तू एकदाही वाकला नाहीस. जेवायला पाटावर बसला नाहीस. बाहेर बाल्कांवात बसायची कदेल आत ओढून आणलीस आणि साहेबासारखे ताट मांडीवर घेतलेस. चमचा पडला तो पायाच्या बोटांनी उचलायला गेलास, आणि कोणी बघितले का म्हणून इकडेतिकडे बघितलेस. मी बघितले. गणपतीपुढे उभ्यानेच हात जोडलेस. तो काही बोलला नाही. त्याला स्वतःचे पोट आडवे येते, तो समजून घेईल. मी घेणार नाही.

आणि जाताना जुन्या चपला मागच्या दारी टाकून गेलास. मला अक्षर वाचता येत नाही, चपला येतात. उजवी टाचेकडे झिजली आहे, चालत्या माणसाची झिजते तशी. डावीला पुढे अंगठ्याशी भोक पडले आहे. पाय उचलून टाकणाऱ्याची चप्पल तिथे झिजत नाही रे पुता. ओढणाऱ्याची झिजते.

उसण भरली असेल तर घरात पायाळू आजी असताना ती पाठ तशीच घेऊन डिचोलीला का गेलास? मी पायांकडून जन्मले म्हणून लोकांनी माझ्या आईला आधी नावे ठेवली आणि मग माझ्या पायासाठी दारात येऊन बसू लागले. सगळी केरी, सगळे तेरेखोल माझ्या उंबऱ्यावर पालथे पडून गेले आहे. मी डावा पाय पाठीला हलकेच लावते आणि माणूस उठून चालू लागतो. तूही पायाळूच निघालास. पण पायाळूला स्वतःच्या पाठीला पाय लावता येत नाही, देवाने तेवढी चेष्टा ठेवली आहे. म्हणजे तुझ्यासाठी या जगात मीच उरले.

काय झाले आहे ते सरळ लिही. ‘सर्व ठीक’ लिहू नकोस, ते मी तुझ्या चपलेला विचारून झाले आहे. कळावे. आमच्यावर लोभ असू दे; वाकता येत नसेल तर उभ्यानेच असू दे.

तुझी आजी
भागीरथी (अंगठा)


सर्वण, डिचोली
३० सप्टेंबर १९९१

तीर्थरूप आजीस शंभूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्रातला हा नमस्कार वाकूनच आहे, तेव्हा तक्रार नको. चपला म्हापशाच्या बाजारातल्या होत्या, त्या अशाच झिजतात. आई, तू तिला हे नीट समजावून सांग.

पाठ थोडी दुखते, पण आमच्याकडे ती कोणाची दुखत नाही? आमच्या कारखान्यात फरशीत घालायची लाल पावडर होते. यंत्राच्या तोंडाखाली पोते भरते, शिवले जाते, ते उचलून रचायचे. आधी एका पोत्याला दोघे असत. एकाने कान धरायचे, दुसऱ्याने बूड. पावसाच्या तोंडाला नवा सुपरवायझर आला आणि त्याने जोडी मोडली. पोते एक, माणूस एक. यंत्र थांबत नाही. मागचे उचलले नाही तर पुढचे त्याच्यावर येऊन फुटते, आणि ज्याच्या पायाशी फुटते त्याचे नाव खडूने फळ्यावर लागते. सगळे फळ्याकडे एक डोळा ठेवून काम करतात. माझ्या खोलीतला विठू, बेळगावकडचा आहे, तो झोपेतसुद्धा हात वर करून पोते धरतो.

पण एक गंमत ऐक. मी पायाळू आहे हे एकदा बोलता बोलता निघाले. आता चहाच्या सुट्टीत रिकाम्या पोत्यांवर पाठी रांगेने पालथ्या पडतात आणि मी पाय लावत जातो. कोल्हापूरचे आहेत, बेळगावचे आहेत, दोडामार्गचे आहेत. मला वैद्यबुवा म्हणतात. सुपरवायझरही खूश आहे. आधी पाठ धरली की माणूस रजा मागायचा. आता माझ्याकडे येतो आणि परत पोत्याला लागतो. त्याने मला सांगितले आहे की या खेपेला कायम करायच्या माणसांत तुझे नाव वर आहे.

आजी, चार वर्षे मी हंगामी आहे. मध्येच घरी बसवतात, मग पुन्हा बोलावतात, आणि बोलावतील की नाही या काळजीत आई माझ्यापेक्षा वाळते. बाबांच्या रापणीवर आता घर चालत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. कायम करण्याआधी कंपनीचे डॉक्टर तपासायला येतात. तेवढे एकदा पार पडू दे. मग मी येतो आणि तुझ्या उंबऱ्यावर पालथा पडतो, हवी तेवढी लाथ मार.

आईला व बाबांना नमस्कार. तुमच्या लोभावरच माझे चालले आहे, तो कमी करू नये.

तुझा
शंभू


केरी, पेडणे
७ ऑक्टोबर १९९१

चि. बाबू यास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र सुमंगलेने दोनदा वाचले. पहिल्या वेळी तिने विठू झोपेत पोते धरतो ती ओळ गाळली. मला वाटले श्वास घेतला. दुसऱ्या वेळी पकडली. आता ती म्हणते की घाईत राहिली. घाईत माझ्या सुनेकडून आजवर फक्त मीठ राहिले आहे. हे लिहिताना तिची लेखणी बघ कशी जोरात उमटली असेल.

वैद्यबुवा झालास, ऐकून बरे वाटले. माझा धंदा घराण्यात राहिला.

एक विचारायचे आहे. पाय लावण्याआधी तळव्याला हीर लावतोस ना? लहानपणी केरसुणीतला हीर उपटून माझ्या हातात तूच द्यायचास, आणि पालथा पडलेला माणूस गुदगुल्या होऊन खुदकला की तूही खुदकायचास. तुला वाटे, आजी लोकांची मस्करी करते. मस्करी करतेच. पण त्या मस्करीत काम आहे. झावळीचा हीर दोन्ही तळव्यांवरून ओढायचा. माणसाने पाय झटकला, हसला, शिवी दिली, तर ती उसण. मग आपला पाय लावावा. तळवा गप्प राहिला तर आपला पाय आपल्यापाशी ठेवावा आणि माणसाला डॉक्टरकडे धाडावे. ती पाठ आपल्या हातची नव्हे.

मांद्र्याची शेवंती गेल्या साली आली होती. हीर लावला तर तळवा गप्प. तिला परत पाठवली तशी चिडली. एवढ्या लांबून आले आणि लाथही नाही, म्हणाली. मी म्हटले, लाथच हवी तर सुनेकडे माग. म्हापशाला इस्पितळात गेली, पडून राहिली, बरी झाली. आता वाटेत दिसले की चालत पुढे येऊन माझ्याशी भांडते. चालत येते, हे ध्यानात घे.

दुसरे त्या सुपरवायझरचे. त्याला तुझ्या पायाचे एवढे कौतुक कशाला? तू माणसे बरी करतोस, की परत पोत्याखाली ढकलण्याजोगी करतोस, हे एकदा चहा पिताना मनाशी बघ. त्याने स्वतःची पाठ कधी तुझ्यापुढे आणली का, तेही लिही.

आणि तिसरे. एवढे मोठे पत्र लिहिलेस, त्यात कारखाना आहे, फळा आहे, विठू आहे. तुझा डावा पाय कुठे नाही. तो आता ओढत नाहीस ना?

लवकर उत्तर धाड. तुझ्या आईला मी हसवत असते, पण ती हसताना दाराकडे बघते. आपला लोभ आहे तो आहेच, पत्राचा आळस तेवढा नसावा.

तुझी आजी
भागीरथी (अंगठा)


सर्वण, डिचोली
२१ ऑक्टोबर १९९१

तीर्थरूप आजीस शंभूचा नमस्कार. वि. वि.

पोस्टाने उशीर होईल म्हणून हे बसच्या कंडक्टरकडे देतो आहे. आई, हे तूच वाचणार. काही गाळू नकोस.

शुक्रवारी विठूची पाठ सकाळपासून धरली होती. दोन्ही पायांत मुंग्या येतात, असे तो म्हणत होता. मी म्हटले घरी जा. तो म्हणाला, फळ्यावर नाव लागून मला काढले तर राणीला काय सांगू? राणी ही त्याची बायको, गावी असते. चहाच्या सुट्टीत तो पोत्यांवर पालथा पडला. आजी, मी हीर लावला नाही. आजवर एकालाही लावलेला नाही. एवढ्या पुरुषांत तळव्याला गुदगुल्या करायच्या म्हणजे माझे हसे होईल, असे वाटत आले. तुझे पत्र तेव्हा माझ्या खिशात होते.

मी डावा पाय ठेवला. हलकेच ठेवला, असे मला वाटले. विठू ओरडला. का ओरडतो, मला कळेना. खाली बघितले तर माझा पाय त्याच्या कमरेत रुतला होता आणि माझ्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर होता. ते माझ्या डोळ्यांना कळले. पायाला कळले नाही.

विठूला उठता येईना. त्याचे कपडे ओले झाले, तेही त्याला समजले नाही. पोती वाहायच्या गाड्यावर घालून आम्ही त्याला फाटकापर्यंत आणले. तो आता पणजीच्या मोठ्या इस्पितळात आहे.

संध्याकाळी सुपरवायझरने मला बोलावून दार लावून घेतले. म्हणाला, विठूची पाठ पोत्याने नव्हे, तुझ्या लाथेने गेली, सगळ्यांनी बघितले आहे. पण मी तुला सांभाळून घेतो. विठू खोलीवर घसरून पडला, एवढेच तू सांग. आणि गुरुवारी डॉक्टर तपासायला येतील त्यांना, काही त्रास नाही, असे सांग. म्हणजे तू कायम.

खोलीवर येऊन मी केरसुणीतून हीर काढला. डोळे मिटून डाव्या तळव्यावर ओढला. मग डोळे उघडे ठेवून ओढला. तो फिरताना मला दिसत होता, आणि जणू दुसऱ्या कोणाच्या पायावर फिरत होता. उजव्याला लावला तर पाय झटकला. पावसाळ्यापासून डाव्या पायात मुंगी आहे, आजी. चप्पल पायातून निसटते ती मागे राहिल्यावर कळते. चवथीला तुला सांगायचे होते. तू उंबऱ्याशी उभी होतीस आणि मला वाटले, सांगितले तर ही मला परत जाऊ देणार नाही.

मी बुधवारी येतो. तू माझ्या पाठीला पाय लाव. एवढ्या लोकांना बरे केलेस, मलाही होईल. गुरुवारपर्यंत मला सरळ उभा कर, मग पुढचे मी बघतो. फक्त हीर लावू नकोस.

शंभू


केरी, पेडणे
२२ ऑक्टोबर १९९१

चि. बाबू,

आशीर्वाद आहेतच. येऊ नकोस.

आलास तर उंबऱ्यावर मीच आडवी पडेन. मी पाय लावणार नाही. तुझा तळवा गप्प आहे. शेवंतीला जो नियम तोच नातवाला, आणि नातवाला जरा जास्तच.

सुमंगलेने काही गाळले नाही. शेवटी शेवटी तिचा आवाज गेला, तेव्हा तुझ्या बापाने पत्र हातात घेतले आणि राहिलेले त्याने वाचले. हीर लावू नकोस, हे त्याने वाचले. मग बाहेर जाऊन होडीच्या दोरखंडाची चांगली गाठ सोडून पुन्हा बांधत बसला.

तुझा पाय विठूवर जड पडला. ते मी पुसत नाही, तूही पुसू नकोस. बरा झालास की त्याच्यापुढे जाऊन बस आणि तो बोलेल ते ऐकून घे. पण त्या मेल्या सुपरवायझरने ते तुला ऐकवायचे नाही. विठूच्या पायांत मुंग्या सकाळी होत्या. तुझा पाय त्याला चहाच्या सुट्टीत लागला. मग सकाळी त्याच्या पाठीवर कोण बसले होते? पोते बसले होते, आणि ज्याने जोडी मोडली तो बसला होता. दोन्ही सांग, तुझा पायही आणि पोतेही. एक लपवून दुसरे सांगितलेस तर दुसऱ्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

कायम होण्याचे मला कळते रे. तुझ्या आईचे वाळणेही मला दिसते, मी तिच्याच हातचे जेवते. पण तू विचार कर. कायम झालास म्हणजे तेच पोते कायम. आज एक पाय गप्प आहे. ज्या दिवशी दुसरा गप्प बसेल त्या दिवशी तुझ्या कारखान्यातून कोण येणार आहे तुला पाण्याला उचलून न्यायला? तुझा बाप म्हातारा होत चालला आहे, आणि मी म्हातारी होऊन जुनी झाले.

तुझा बाप हे पत्र घेऊन उद्या पहिल्या बसने निघतो आहे. त्याच्या पिशवीत माझ्या केरसुणीचा हीर आहे. तो डॉक्टरच्या हातात दे. तोंडाने सांगवले नाही तर तळवा सांगेल.

चेष्टा आज एवढीच जमली. बरा होऊन ये, मग व्याजासकट करीन.

भागीरथी (अंगठा)

शंभू, मी आई. त्यांनी अंगठा उमटवल्यावर हे लिहिते आहे, त्यांना वाचून दाखवणार नाही. माझ्यासाठी नोकरी नको. तू ये.


पणजी, इस्पितळ
१२ नोव्हेंबर १९९१

तीर्थरूप आजीस शंभूचा नमस्कार, या वेळी खरोखरच आडवा पडून. वि. वि.

बाबांनी तुला थोडे सांगितले असेल, पण ते रापणीचा मासा किती होता एवढेही धड सांगत नाहीत. म्हणून लिहितो.

तपासणीला आम्ही शर्ट काढून रांगेत उभे होतो. सुपरवायझर दाराशी होता. डॉक्टर जीभ बघत, छातीला नळी लावत आणि काही त्रास आहे का विचारत. माणूस नाही म्हणे आणि पुढचा येई. माझी पाळी आली. खोटे सांगत नाही आजी, मीही नाही म्हणालो. सवयीने निघून गेले. डॉक्टरांनी पुढच्याला हाकही मारली. मी शर्ट उचलला, तेव्हा खिशातला तुझा हीर खाली पडला.

मला वाकता येईना. उजव्या पायाच्या बोटांनी उचलायला गेलो. सगळा भार डाव्यावर आला, तो मुडपला आणि मी टेबल धरून लोंबकळलो. डॉक्टरांनी हे काय म्हणून विचारले. मी म्हटले, आधी तो हीर द्या, मग सांगतो. त्यांनी स्वतः वाकून उचलला.

मग सांगितले. त्यांना वाटले मी वेडा आहे. पण हीर त्यांनी लावला. पहिल्यांदा हसत लावला. मग हसणे थांबवून पुन्हा लावला, मग खिशातली टाचणी काढून लावली. सुपरवायझर पुढे येऊन म्हणाला की याने एका माणसाला लाथ मारून लोळवले आहे. मी म्हटले, होय, माझा पाय पडला. आणि मुंग्या सकाळपासून होत्या, आणि पोत्याला दोघे होते तिथे आता एकटा आहे. तेवढ्यात मागे जमिनीवर काही वाजू लागले. वळून बघितले तर रांगेतले कोल्हापूरचे दोघे खाली बसून बूट काढत होते. त्यांच्या मागचाही काढू लागला. त्यांनाही हीर लावून हवा होता.

डॉक्टरांनी बाहेर उभ्या असलेल्या बाबांना आत बोलावले आणि मला तिथूनच इकडे पाठवले. मणक्यातली गादी सरकून शिरेवर बसली होती, म्हणून पाठ उघडून ती काढली. पाठ आता दुखत नाही. कायम करायच्या यादीत माझे नाव नाही, हे परवा कोल्हापूरवाला भेटायला आला तेव्हा कळले. पोत्याला पुन्हा दोघे लावले आहेत म्हणतो. किती दिवस, ते त्यालाही ठाऊक नाही.

विठू पलीकडच्या खोलीत आहे. चाकांच्या खुर्चीवरून मला त्याच्याकडे नेले. तू सांगितलेस तसा त्याच्यापुढे बसलो. त्याने आधी माझ्या डाव्या पायाकडे बघून घेतले. मग म्हणाला, वैद्यबुवा, तुझ्यापेक्षा इथली सुई बरी, ती टोचते ते तिला कळते. त्याचे शरीरधर्म आता सुधारले आहेत, धरून उभा राहतो. राणी आली आहे. ती माझ्याशी बोलत नाही. दिवाळीला बाबांनी आणलेले फोव, विठूच्या बोलीत पोहे, तिने त्याला दिले, पण स्वतः खाल्ले नाहीत.

डावा पाय अजून लाकूडच आहे. डॉक्टर म्हणतात, शीर फार दिवस दाबून राहिली. येईल किंवा येणार नाही, वाट बघायची. रोज सकाळी हीर लावून बघतो. आई, तिला हे सांगताना आवाज सांभाळ.

तुमचा लोभ मला इथे उशाशी लागतो आहे.

शंभू


केरी, पेडणे
१६ नोव्हेंबर १९९१

चि. बाबू यास आशीर्वाद. वि. वि.

डॉक्टर स्वतः वाकला हे ऐकून मला तो आवडला. लग्न झाले आहे का विचार, मांद्र्याला शेवंतीची भाची आहे.

राणी बोलत नाही तर न बोलू दे. तिच्या जागी मी असते तर बोलले असते, आणि ते तुला परवडले नसते. तुझ्या बापाबरोबर सुकी सुंगटे, सुमंगलेच्या मराठीत कोळंबी, धाडते आहे. अर्धी तिच्या हातात दे आणि तोंड न उघडता परत फीर.

माझ्याकडे माणसे येतात. हीर लावते, पण पाय लावताना हल्ली मन होत नाही. परवा एकाचा तळवा छान झटकला, तरी मी त्याला शेकायला मीठ बांधून दिले आणि घरी धाडला. म्हणाला, आजी, तुझ्या पायाला काय झाले? मी म्हटले, तो पणजीला इस्पितळात आहे.

रोज लाव. आज नाही तर उद्या लाव. लागले नाही तरी लिही, लागले तरी लिही. लोभ इथे भरपूर पडून आहे, येऊन घेऊन जा.

भागीरथी (अंगठा)


पणजी, इस्पितळ
१ डिसेंबर १९९१

तीर्थरूप आजीस नमस्कार. वि. वि.

थोडेच लिहितो. आज सकाळी हीर लावला. अंगठा गप्प. मधली बोटे गप्प. टाच गप्प. करंगळीच्या खाली मात्र काहीतरी झाले. गुदगुली म्हणता येणार नाही. भिंतीपलीकडे कोणी बोलावे, तसे. मला भास वाटला, म्हणून डोळे मिटून विठूला लावायला सांगितले. तो काठी धरून आता माझ्यापर्यंत येतो. त्याने मुद्दाम फसवून तीनदा इकडेतिकडे लावला. करंगळीला आला तेव्हा मी हो म्हणालो. तीनही वेळा तिथेच हो म्हणालो. राणी दारात उभी होती. ती हसली नाही, पण आत येऊन बसली.

डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर काही ठरवू नका.

शंभू


केरी, पेडणे
४ डिसेंबर १९९१

चि. शंभू यास आशीर्वाद. वि. वि.

मी आई लिहिते आहे. तुझे पत्र वाचून झाल्यावर सासूबाईंनी ते पुन्हा वाचायला लावले, मग पुन्हा. कोणते बोट, असे विचारले. मी करंगळी म्हटले. कोणत्या पायाची, विचारले. मी डाव्या म्हटले. त्या उठल्या, मागच्या दारी गेल्या आणि तुझी ती भोक पडलेली चप्पल हातात घेऊन उंबऱ्यावर बसून राहिल्या. बोलेनात. मी या घरात आल्यापासून त्या इतका वेळ कधी गप्प राहिल्या नव्हत्या. मी घाबरून कागद बाजूला ठेवला, तेव्हा म्हणाल्या, ठेवतेस कशाला, लिही. आता त्या सांगतात ते लिहिते. या वेळी धुऊन-पिळून नाही, त्यांच्याच शब्दांत.

बाबू, तुझो डॉक्टर शाणो आसा, पूण ताका एक खबर ना. तू जल्मलो तेन्ना हांव थंयच आसली. तुझी आवय दोन दीस वळवळताली. सुईण म्हणटाली, माथें दिसना. मागीर एक बोट दिसलें. दाव्या पांयाचें, सगळ्यांत ल्हान. हांवें ताका हात लायलो. तें हाललें. तेन्नाच हांवें म्हळें, आयलो.

उपरांत उरिल्लो तू येवंक खूब वेळ लागलो. आमी कोणें घाय केली ना. उदक तापयत बसलीं.

आतांय बसतलीं.

भागीरथी (अंगठा)